मातीचा होयबा

सुलेखा वैशंपायनला त्या शनिवारी चिडायला भरपूर कारणं होती. बाहेर नोव्हेंबरचा तो मेला जर्मन पाऊस, धड पडत नाही, धड थांबत नाही, नुसता गळत राहतो. म्युझियमचा हाउसमाइस्टर, म्हणजे दारापासून बॉयलरपर्यंत सगळं बघणारा म्हातारा, कंबर धरून घरी झोपलेला. आणि तळघरात नऊ पेटारे! सोमवारी तिथे रंगारी येणार म्हणून ते आजच्या आज दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत जायला हवे होते. दहा वाजता माणूस पाठवतो, असं म्हाताऱ्यानं कबूल केलं होतं. साडेदहा झाले. अकराला पाच कमी झाले. फ्रँकफर्टमध्ये येऊनही माणसांची वाटच बघायची, तर पुण्यात काय वाईट होतं?

आणि मग मागच्या दारात तो दिसला. टोपी कपाळावर ओढलेली, ओव्हरकोटातून पाणी ठिबकतंय, हातात कसलासा कागद, आणि आत यावं की न यावं अशा विचारात एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. रंग सावळा, तेव्हा इटालियन मजूर असणार, असं तिनं धरून टाकलं. त्या एकोणसाठ साली गावात बांधकामावर जिकडेतिकडे इटालियनच होते.

"आलात एकदाचे!" ती जर्मनमधून कडाडली. "हे नऊ. दुसरा मजला, डावीकडची खोली. आणि हळू! आपटलात तर तीन हजार वर्षांचा चुरा होईल, समजलं?"

त्या माणसानं तोंड उघडलं... मिटलं... पेटाऱ्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग कागद खिशात घातला.

"या," तो जर्मनमधून म्हणाला. "गेर्न." म्हणजे हो, आनंदानं.

आता आनंदानं म्हणणारा हमाल जगात कुठे पाहिलाय का तुम्ही? पण सुलेखाला तेवढा विचार करायला वेळ कुठे होता! ती पुढे, तो मागे. "डावीकडे! अहो तुमच्या डावीकडे!" "भिंत दिसत नाही?" "असा तिरका का धरलाय?" एक पेटारा, दोन, पाच. त्यानं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही. सातव्या पेटाऱ्याला ओल्या बुटाखाली पायरी निसटली, पेटारा छातीशी कवटाळून तो गुडघ्यावर बसला आणि त्याच्या तोंडून निघालं —

"अगं आई गं!"

सुलेखाच्या हातातली यादी गळून पडली.

"तुम्ही... मराठी?"

"हो," तो गुडघा चोळत म्हणाला. "मी श्रीनाथ. डार्मश्टाटला इंजिनियरिंग शिकतो. तुम्ही वैशंपायन ना?"

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि पेटारे वर न्यायचेच होते ना? अजून दोन आहेत."

खरंच सांगते, तो उठला आणि उरलेले दोन घेऊन आला. सुलेखाला लाज वाटली, मग लाज वाटल्याचा राग आला. तिची लाज कधीच लाजेवर थांबत नसे.

खरा कहर पुढेच होता. कोट झटकून, खुर्चीच्या अगदी कडेला बसून, श्रीनाथनं खिशातला तो कागद काढला. भिजून शाई थोडी फुटली होती.

"मी दत्तूदादांकडून आलोय. माझे मावसभाऊ. रेगेन्सबर्गला असतात. तुमच्या आत्यांचं पत्र आलं असेल..."

आलं होतं. दहा दिवसांपूर्वी. सरलाआत्यानं लिहिलं होतं, मुलगा इंजिनियर आहे, दत्तात्रय नाव, विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात आहे, तुला पाहायला येईल. सुलेखानं पत्र वाचून कपाळावर हात मारला होता. पण आत्यापुढे तिचं काही चालण्यासारखं नव्हतं. मुलीला एकटीला परदेशी पाठवायला वडील तयार नव्हते, तेव्हा हीच आत्या त्यांच्याशी महिनाभर भांडली होती. बदल्यात एकच वचन घेतलं होतं. 'मी सुचवलेलं एक स्थळ तू बघायचंस. नाही म्हणायचं तर म्हण, पण समोरासमोर बघून म्हण.'

"मग ते स्वतः कुठे आहेत?"

"त्यांना रजा नाही. रेगेन्सबर्ग लांब पडतं. डार्मश्टाट इथून अर्ध्या तासावर... म्हणून म्हणाले, श्री, तू बघून ये."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"तुम्ही कधी कुणाला नाही म्हणता का हो?"

त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. पाऊस काचेवर टपटपत होता. "तसं... लक्षात नाही," तो म्हणाला.

सुलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ज्याला बघितल्याशिवाय नाही म्हणता येत नाही, तो बघायला येणार नाही, आणि त्याच्या बदली हा आलाय, प्रश्नपत्रिका घेऊन! उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते तिनं, पण तीनशे किलोमीटरवरच्या उंटावरून बायको शोधणारा पहिलाच.

"विचारा," ती म्हणाली. "विचारा ना! होऊन जाऊ दे."

"उंची?"

"पाच दोन."

"मला पाच तीन वाटली."

"टाचा उंच आहेत."

"नाही... रागावलात की उंच दिसता." हे त्यानं मान वर न करता, लिहिता लिहिता म्हटलं. "स्वभाव?"

"तापट. लिहा."

"मी 'स्पष्ट' लिहितो."

"तापट लिहा म्हणतेय ना!"

"'तापट, पण कारण असेल तरच'... चालेल?"

तिला हसू आलं. ते लपवायला ती उठली आणि पहिल्या पेटाऱ्याचं झाकण उघडू लागली. भुशातून तिनं एकेक बाहुली काढून टेबलावर निजवली. वीतभर उंचीच्या, लाल मातीच्या भाजलेल्या, वर पांढऱ्या रंगाचा हात दिलेला, त्यावर काळा केशसंभार, छातीवर जुळवलेले हात आणि हातांत लाल-पिवळी रंगवलेली कुदळ. श्रीनाथ खुर्ची सोडून जवळ आला. हात मागे बांधून, वाकून, एकेक चेहरा बघत राहिला.

"हे कोण?"

"उशब्ती. इजिप्तमध्ये मेलेल्या माणसाबरोबर पुरायचे. त्यांची समजूत अशी की परलोकातही शेतात राबावं लागतं, पाटाचं पाणी काढावं लागतं, वाळू वाहावी लागते. मालकाच्या नावानं हाक आली की मालकानं नाही उठायचं, यानं उठायचं आणि म्हणायचं, 'आलो, मी करतो.' श्रीमंताकडे वर्षाच्या दर दिवसाला एक असायचा, आणि दर दहांमागे एक मुकादम. हा बघा, याच्या हातात चाबूक आहे."

"आणि एखादा नाही म्हणाला तर?"

"ते नाही म्हणत नाहीत. मातीचे होयबा आहेत." तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्या दत्तूदादांनी पाठवलाय ना एक, तसे."

दुसरा कुणी असता तर रागावला असता. हा हसला. अगदी डोळ्यांपर्यंत हसला, आणि सुलेखाला उगाच हातातला भुसा झटकावासा वाटला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. दत्तूदादांचे आणखी प्रश्न होते. बर्फाची सवय झाली का? डॉक्टरेट कधी संपणार? पुरणपोळी येते का? "येते, पण का करू?" "'येते' एवढंच लिहितो." त्याच्या पुढच्या शनिवारी उत्तरांवरची उत्तरं. हे असं दहा शनिवार चाललं. दत्तात्रयाला रजा मिळेना, आणि त्याच्या शंका संपेनात.

श्रीनाथ दरवेळी उशिरा यायचा आणि दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या कामामुळे. घरमालकिणीचा कोळसा वर चढवायचा होता. मुंबईहून आलेल्या एका नव्या मुलाची पोलिसात आनमेल्डुंग, म्हणजे नावनोंदणी, करायची होती, बिचाऱ्याला अक्षर जर्मन येत नाही. वसतिगृहातल्या कुणाची सायकल, कुणाचं भाषांतर, कुणाच्या बदली प्रयोगशाळेची पाळी. स्वतःचा अभ्यास कधी करायचा हा माणूस, देव जाणे. "सांगकाम्या आहात नुसते!" सुलेखा म्हणायची. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं तो म्हणायचा, आणि तिच्या टेबलावरचा दिवा तिरका झालेला सरळ करायचा. तिनं न सांगता, बरं का.

कधी ती मातीच्या कणांतून मीठ मोजायची आणि तो शेजारी बसून बाहुल्यांची चित्रं काढून द्यायचा. बोटं छान होती त्याची, लांब, शाईनं माखलेली. बोलता बोलता तिच्या अंबाड्यातला आकडा निसटला, की त्याची नजर तिथे जायची आणि घाईनं खिडकीकडे वळायची. संध्याकाळी ट्रामच्या थांब्यापर्यंत एकच छत्री. छत्री तो धरायचा, आणि त्याचा डावा खांदा दर शनिवारी ओलाचिंब व्हायचा.

"जरा आत या ना. भिजताय."

"नको... मी बरा आहे."

"दादांनी सांगितलंय का, भिजत जा म्हणून?"

"नाही. हे माझं मी."

'हे माझं मी'! सुलेखानं ते तीन शब्द घरी जाऊन किती वेळा घोळवले असतील! सहाव्या शनिवारी ती सकाळी आरशासमोर तिसरी साडी बदलत होती, तेव्हा तिच्या ध्यानात आलं आणि तिनं स्वतःलाच एक शिवी हासडली. प्रेमात पडली होती ती. दुसऱ्यासाठी तिला बघायला आलेल्या माणसाच्या! आणि तो शहाणा दर आठवड्याला तिची उत्तरं मोत्यासारख्या अक्षरात लिहून रेगेन्सबर्गला पाठवत होता.

तुम्ही म्हणाल, मग तिनंच विचारायचं. ती काही लाजाळूचं झाड नव्हती. पण तिथेच तर सगळं अडलं होतं! तिनं विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. हो म्हणाला असताच! तो कुणाला नाही म्हणाला होता? उद्या तिच्या वरिष्ठ असलेल्या, म्युझियमच्या साठीच्या फ्राउ लिंडनरबाईंनी लग्नाचं विचारलं असतं, तर हा बाबा त्यांनाही "गेर्न" म्हणाला असता. सुलेखाला त्याचा होकार नको होता, त्याची इच्छा हवी होती. कुणी न विचारता, कुणी न पाठवता, त्यानं स्वतःहून तोंड उघडायला हवं होतं. आणि ते तर मूग गिळून बसलेलं!

जानेवारीत व्हायचं तेच झालं.

सुलेखाच्या डॉक्टरेटचा खरा जीव होता मागच्या खोलीतल्या एका काचेच्या कपाटात. युद्धात बॉम्बच्या भीतीनं म्युझियमनं या बाहुल्या गावाबाहेर मिठाच्या खाणीत ठेवल्या होत्या. इजिप्तच्या मातीत मीठ आधीचंच, त्यात ही भर. आता हवा लागली की ते मीठ कापसासारखं पांढरं फुलून बाहेर यायचं आणि येताना वरचा रंग उचलायचं. ते किती दिवसांत, किती फुलतं, हे कळलं तरच थांबवायचं कसं ते कळणार. म्हणून सहा बाहुल्या तिनं कपाटात उभ्या केल्या होत्या. हात लावायचा नाही, जोरात श्वाससुद्धा सोडायचा नाही. दर दोन दिवसांनी भिंगातून मोजायचं आणि वहीत लिहायचं. नोव्हेंबरपासूनचे आकडे होते. श्रीनाथला तिनं ते कपाट कधी दाखवलं नव्हतं. मीठ काय दाखवायचं माणसाला!

त्या शनिवारी ती फ्राउ लिंडनरकडे खाली गेली होती. हाउसमाइस्टर कामावर आला होता, पण कंबर अजून धरलेलीच. सोमवारी कुणी मोठे पाहुणे येणार होते, मागच्या खोलीची कपाटं पुसायची होती, आणि खालच्या फळीपर्यंत त्याला वाकता येत नव्हतं. समोर श्रीनाथ रिकामा बसलेला दिसला.

पुढचं सांगायला हवं का?

ती परत आली तेव्हा सहाही बाहुल्या लख्ख होत्या. देवघरातले देव पुसावेत तशा हलक्या हातानं, ओल्या फडक्यानं, त्यानं पुसल्या होत्या. फडक्यावर लाल आणि पिवळा रंग उतरला होता. "केवढी बुरशी होती!" तो आनंदानं म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला.

"ते मीठ होतं," सुलेखा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "दोन महिने मी ते वाढवत होते."

"मला... मला माहीत नव्हतं. त्यांना वाकता येत नव्हतं म्हणून..."

"म्हणून तुम्ही वाकलात! जगात ज्याला ज्याला वाकता येत नाही, त्याच्या त्याच्यासाठी तुम्ही वाकणार का? थांबा, विचारून येतो, एवढं म्हणता येत नव्हतं? कुणी सांगितलं, हो! कुणी पाठवलं, हो! अहो, तुमच्या होला काडीची किंमत नाही, कळतंय का तुम्हाला? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होचं कुणी काय करायचं? उद्या मी विचारलं, तरी तुम्ही..."

ती थांबली.

"काय विचारलं?" तो अगदी हळू म्हणाला.

"काही नाही. निघा तुम्ही."

आणि तो निघाला! फडकं नीट घडी करून टेबलावर ठेवलं, टोपी उचलली, "हो" म्हणाला आणि जिना उतरून गेला. सुलेखा दाराकडे बघत राहिली. इतका राग आणि इतकं रडू एका वेळी येऊ शकतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

तीन शनिवार तो आला नाही. फ्राउ लिंडनर कोरड्या आवाजात म्हणाल्या, "आल्झो, तर मग पुन्हा सुरू करा. मीठ अजून भरपूर आहे आत." त्या तशा समजूतदार होत्या. सुलेखानं नव्या सहा बाहुल्या कपाटात ठेवल्या, दाराला कुलूप घातलं आणि नवी वही काढली. शनिवारी ट्रामच्या थांब्यावर ती एकटी छत्री धरून उभी राहायची. दोन्ही खांदे कोरडे असायचे, आणि त्याचाच तिला संताप यायचा. आपण जास्त बोललो, असं वाटायचं. मग वाटायचं, नाही, खरं तेच बोललो. मग वाटायचं, खरं बोलून मिळवलं काय?

चौथ्या आठवड्यात पत्र आलं. दत्तात्रयाला रजा मिळाली होती. रविवारी दुपारी तो स्वतः येत होता, श्रीसह.

कॅफेत तिघं बसले. दत्तात्रय माणूस वाईट नव्हता हो, हेच तर दुखणं होतं. गोरा, गोल, मोठ्यानं हसणारा, सफरचंदाच्या केकचे दोन तुकडे मजेत खाणारा. श्रीनाथला जर्मनीत आणलं ते त्यानंच, अर्ज भरण्यापासून खोली बघण्यापर्यंत. भावाच्या पाठीवर थाप मारताना त्याच्या डोळ्यांत माया दिसत होती. फक्त सवय मोडत नव्हती.

"श्री, विचार त्यांना, कॉफीत साखर किती?"

"मी इथेच बसलेय," सुलेखा म्हणाली.

"हो हो, हॅहॅहॅ! श्री, आमच्या कारखान्याचं सांगितलंस का त्यांना?"

श्रीनाथ टेबलक्लॉथवरच्या निळ्या फुलांकडे बघत होता. गालफडं बसली होती त्याची. तासाभरात त्यानं एकदाही मान वर केली नाही. सुलेखाच्या मनात आलं, टेबलाखालून एक लाथ घालावी.

साडेतीन वाजता दत्तात्रयानं घड्याळ पाहिलं. "मला तर तुम्ही पसंत आहात बुवा! श्रीनं लिहिलं होतं त्याहून चांगल्या. तुमचं काय ते सावकाश सांगा, घाई नाही. श्री येईल मंगळवारी विचारायला."

आता तिनं बघितलं होतं. वचनातून सुटली होती. तोंडावर नाही सांगायला तिनं श्वास घेतला, तेवढ्यात तो उठलासुद्धा, गाडी चुकेल म्हणत. श्रीनाथनं त्याचा कोट धरला, बॅग उचलली आणि भावाच्या मागून चालू लागला. दारात क्षणभर थबकला. सुलेखाला वाटलं, वळेल. वळला नाही.

सोमवारचा दिवस तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. एक गोष्ट मात्र तिनं मनाशी पक्की केली. मंगळवारी तो दादांचा प्रश्न घेऊन आला, की 'नाही' म्हणून सांगायचं, आणि त्यानंतर त्याला या दारात उभं करायचं नाही. दुसऱ्याचा प्रश्न विचारायला जो येईल, तो आपला नव्हे. झालं. संपलं. हे ठरवून ती इतकी रडली की दुसऱ्या दिवशी भिंगातून मीठ दिसेना.

मंगळवारी अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला, हातात कागद नाही. ऊन पडलं होतं बाहेर, कोवळं, फेब्रुवारीत कधी नव्हे ते.

"बोला," सुलेखा मागे न वळता म्हणाली. "काय निरोप?"

"निरोप नाही."

"दादांनी विचारायला पाठवलं असेल ना?"

"सांगितलं होतं. मी... नाही म्हटलं."

तिच्या हातातलं भिंग वहीवर टेकलं. ती वळली.

"काय म्हटलंत?"

"नाही." तो शब्द त्याच्या तोंडात नवा होता, जपून उच्चारला त्यानं. "दादा म्हणाले, घरापर्यंत चल, म्हणून त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. वुर्त्सबुर्गपर्यंत धीर झाला नाही. न्यूरेन्बर्गला गाडी थांबली तेव्हा म्हटलं, दादा, मी विचारणार नाही. त्यांना ऐकूच आलं नाही. म्हणाले, 'हो ना, मंगळवारी जा.' मग पुन्हा म्हटलं. मोठ्यानं. डब्यातली माणसं बघायला लागली."

"मग?"

"का म्हणून विचारलं त्यांनी. सांगितलं."

"काय सांगितलं?"

त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मग रेगेन्सबर्गपर्यंत कुणी बोललं नाही. उतरल्यावर म्हणाले, घरी येऊ नकोस. मी काल दिवसभर तिथंच बाकावर बसून राहिलो, आज पहिल्या गाडीनं परत आलो. ते माझ्याशी बोलतील की नाही... माहीत नाही. वडिलांच्या जागी आहेत ते मला." त्याचा आवाज चिरकला. सुलेखाला पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडावंसं वाटलं नाही. पुढे होऊन त्याच्या बाहीवर हात ठेवावासा वाटला. तरी तिनं तो आवरला. एवढ्यावर कशी विश्वास ठेवणार होती ती?

"मी त्या दिवशी बोलले म्हणून केलंत का हे? मला बरं वाटावं म्हणून?"

"तुम्ही बरोबर बोललात. फार राग आला होता मला तुमचा, पण बरोबर बोललात. म्हणून आधी नाही म्हणून बघितलं. येतं मला. आणखी एक म्हणू?"

"म्हणा."

"तुमचा चहा मला आवडत नाही."

"काय?"

"त्या काचेच्या भांड्यात करता तो. औषधाचा वास येतो त्याला. दहा शनिवार प्यालो. आणि तुम्ही मध्येच माणसाचं बोलणं तोडता. आणि सहाव्या नंबरच्या बाहुलीचं चित्र मी बरोबर काढलं होतं, तुम्ही उगाच पुन्हा काढायला लावलंत. ती मुकादमच आहे."

"ती मुकादम नाही!"

"आहे. हे असं तोडता बघा."

सुलेखानं रागावून सुरुवात केली खरी, पण मध्येच तिचं हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. आणि तो, हा होयबा, हा सांगकाम्या, दोन पावलं पुढे आला आणि सरळ तिच्याकडे बघत उभा राहिला. खिडकीकडे नाही, फुलांकडे नाही.

"सुलेखा," तो म्हणाला. नुसतं नाव, पहिल्यांदाच. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. कराल? हे मला कुणी विचारायला सांगितलेलं नाही."

ती काहीतरी पुटपुटली. ओठ हलले, एवढंच.

"काय म्हणालात?"

"हो म्हटलं!" ती जवळजवळ किंचाळलीच. "एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही का? आता पुन्हा नाही सांगणार."

असं म्हणून तिनं ते आणखी दोनदा सांगितलं.